काचेवरचा पाण्याचा थेंब

निफाडच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा-नवरीच्या खुर्च्या काढून स्टेजवर टेबल मांडलं होतं. त्यावर मोठा पडदा आणि पडद्यापुढे हिरवा उजेड फेकणारी एक काच. शेजारी पाटावर लाल कापडात बांधलेलं जाड पुस्तक, वर झेंडूची फुलं. येणारा प्रत्येक जण आधी पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावत होता.

"हा नुसता बोलका कॉम्प्युटर नाही, मायबाप! हा एजंट आहे, स्वतःहून कामं करणारा एजंट!" खंडेराव सर माइकवर ओरडत होते. हे सर कुठल्या शाळेचे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "याच्या हाताखाली टूल्स आहेत, हत्यारं! साखरेचं वेगळं, गुडघ्याचं वेगळं! डॉक्टर चष्मा पुसतो तोवर हा रोग ओळखून मोकळा! साखर बघायचीय? सुई नको, रक्त नको. बोट ठेवा काचेवर!"

"आणि त्या पुस्तकात काय आहे?" मी विचारलं.

"ते यंत्राचं शास्त्र आहे, गुरुजी. उघडायचं नसतं, नमस्कार करायचा असतो."

लोक माझ्याकडे बघून हसले. त्यांच्यात माझी धाकटी बहीण लताबाईही होती. ती कित्येक वर्षं इन्सुलिनवर होती. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि एजंट गोड आवाजात म्हणाला, "साखर एकशे अठरा. उत्तम. इन्सुलिनची गरज नाही."

टाळ्या पडल्या. लताच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं काचेपुढे हात जोडले. रोज पोटात सुई टोचून घेणाऱ्या बाईचा मला राग आला नाही. राग आला तो या गोष्टीचा, की आमच्या बौद्ध घरात दगडापुढे हात जोडत नाहीत, आणि आज काचेपुढे जोडले गेले.

"दवाखान्यात एकदा रक्त दाखव," घरी आल्यावर मी म्हणालो.

"दादा, तुला देवात खोट दिसती, मशिनीतबी खोट दिसती. हे तर सायन्स हाय ना? जन्मभर तेच शिकवलंस की!"

मी समजावलं, भांडलो. तिनं इन्सुलिन फ्रिजात ठेवून दिलं ते दिलंच.

आठवडा सरायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. तहान भागेना, धाप थांबेना. तिची मुलगी स्नेहा पुण्याहून निघाली, निघताना तिनं खंडेरावला फोन लावला. "शरीर विष बाहेर टाकतंय," तो म्हणाला, "घाबरू नका." दवाखान्यात पोचेपर्यंत लताची शुद्ध गेली होती. ती परत आलीच नाही.

लताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी आणि स्नेहा थेट त्या मंगल कार्यालयात गेलो. गर्दी तशीच होती. पहिल्या रांगेत द्राक्षबागाईतदार कारभारी बसले होते.

"कारभारी," मी मोठ्यानं विचारलं, "द्राक्षाच्या मण्याची साखर बघायला मीटर कसा लावता?"

"आधी साध्या पाण्याचा थेंब टाकायचा. शून्य दाखवलं तर मीटर खरा. मग मणी पिळायचा."

"व्यापाऱ्यानं थेंब न टाकताच साखर सांगितली तर?"

"बागेत पाय ठिवू देणार नाय!"

मी स्टेजवर जाऊन तिथल्या तांब्यातलं पाणी बोटावर घेतलं आणि काचेवर थेंब सोडला.

"साखर एकशे बारा," एजंट म्हणाला. "उत्तम. इन्सुलिनची गरज नाही."

मी काच पुसून तिच्यावर माझी चप्पल ठेवली. चपलेची साखर एकशे वीस निघाली. आमच्या गावात घरटी एक साखरेचा रोगी, आणि या काचेवर एकाचीही साखर कधी वाढलेली नव्हती. लोकांना तोच चमत्कार वाटला होता.

खंडेराव माइक ओढायला धावला, पण कारभारींनी त्याचं मनगट धरलं. स्नेहा कॉम्प्युटरचंच काम करते. तिनं एजंटलाच विचारलं, "या काचेबद्दल तुला काय माहीत आहे?"

"मला लिहून दिलं आहे की ही काच साखर अचूक मोजते. आकडा तिच्याकडून येतो. तो खरा आहे का, हे तपासायला माझ्याकडे दुसरं साधन नाही."

इतक्या दिवसांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग स्नेहानं लाल कापड सोडलं, फुलं बाजूला केली आणि पहिल्याच पानावरचं मराठी करून वाचलं: "फक्त प्रदर्शनासाठी. काचेत मापक बसवलेला नाही. दिसणारे आकडे नमुन्याचे आहेत." पुढचं तिला वाचवेना. याच पानाला तिच्या आईनं नमस्कार केला होता.

पोलीस येऊन खंडेरावला घेऊन गेले. लोक पांगताना एक म्हातारे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, काच खोटी निघाली. पण गुडघ्याचं टूल तरी खरं आसंल ना?" लता जाऊनही एवढंच शिकलो आपण?

एजंटचा मला राग नाही. हातात दिलेल्या हत्यारावर त्यानं विश्वास ठेवला. ते हत्यार पारखायचं काम माणसांचं होतं, आणि माणसांनी त्याच्या पुस्तकावर फुलं वाहिली. यंत्र जरूर वापरा. पण ते काय करतं, काय करत नाही, ते आधी वाचा, आणि वाचलेलंही तपासून बघा. लताच्या फ्रिजात इन्सुलिनची भरलेली बाटली अजून आहे, स्नेहा ती टाकू देत नाही.

द्राक्षाच्या एका मण्यासाठी तुम्ही आधी पाण्याचा थेंब टाकता. माणसासाठीही टाका.