टॅपस्कॉटचं पोट आणि पहिला नंबर

विल्फ्रेड टॅपस्कॉटला बुजगावण्यांच्या स्पर्धेचा मनस्वी तिटकारा होता. दर उन्हाळ्यात अख्खं अपर मडफर्ड गाव आपापल्या दारात गवत भरलेली माणसं उभी करायचं, आणि दर उन्हाळ्यात चषक जायचा शेजारच्या मॉड प्रिंगलकडे. मॉड त्याची शाळेपासूनची वर्गमैत्रीण. जिंकल्यावर कुंपणावरून ती असं काही हसायची, की विल्फ्रेडला रात्रीचं जेवण जात नसे.

यंदा स्पर्धेच्या दिवशी तो बागकामाचा फाटका कोट घालून, टोपी नाकापर्यंत ओढून अंगणातल्या खुर्चीत झोपून गेला. जाग आली ती बोलण्याने.

"नाक जरा जास्तच झालंय," गावात नव्यानेच आलेल्या आणि यंदा परीक्षक असलेल्या पाद्रीबाई म्हणत होत्या.

"पण पोट बघा! काय गवत कोंबलंय!" परगावाहून आलेल्या दुसऱ्या परीक्षकांनी, कर्नल बॅगशॉंनी, काठीने पोटात ढोसलं.

विल्फ्रेड ओरडणारच होता, तेवढ्यात कर्नल म्हणाले, "यापुढे प्रिंगलबाईंचं खलाशाचं बुजगावणं म्हणजे काहीच नाही. पहिला नंबर हाच."

विल्फ्रेडने ओरडणं गिळलं. कोटावर लाल फीत टोचली गेली. टाचणी थोडी छातीतही गेली. तो हूं की चूं करेना.

ही बातमी ऐकून मॉड तरातरा आली. बघताक्षणी तिने त्याला ओळखलं.

"हुबेहूब आमचा विल्फ!" ती म्हणाली. "फक्त हा जरा हुशार दिसतो. कर्नलसाहेब, असला ऐवज उन्हात कशाला? गावच्या हॉलमध्ये नेऊ या की, चहापान तिथेच आहे!"

चौघांनी खुर्ची उचलली. त्यात पबवाला पर्किनही होता. "काय वजन आहे राव!" तो धापा टाकत म्हणाला. "आणि याला माझ्याच बिअरचा वास कसा येतोय?"

हॉलमध्ये पोचेपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त दोघा परीक्षकांना. बायका मुद्दाम येऊन बुजगावण्याचे गाल ओढून गेल्या. एक गांधीलमाशी नाकावर फिरून गेली. मॉडने लिंबाच्या केकचा तुकडा त्याच्या तोंडासमोरून सावकाश नेला आणि स्वतः खाल्ला. विल्फ्रेड ढिम्म.

मग ती पाद्रीबाईंना म्हणाली, "विल्फला आवडतो हा केक. पण बायको गेल्यापासून तो इथे फिरकतच नाही. घरात बसून गाजरं लावतो बिचारा. तीही करंगळीएवढी."

"करंगळीएवढी?" बुजगावणं ताडकन उभं राहिलं. "मनगटाएवढी असतात, मनगटाएवढी!"

पाद्रीबाईंच्या हातातली कपबशी खळ्ळकन फुटली. कर्नल दचकून मागे सरले ते थेट ट्रायफल नावाच्या क्रीमच्या पुडिंगच्या वाडग्यात बसले. गाव पोट धरून हसलं.

कर्नल मात्र मोडेल पण वाकणार नाही असा माणूस. ट्रायफलमधून उठून, मागचं क्रीम पुसत त्यांनी जाहीर केलं, "बुजगावणं जिवंत नसावं असा नियम आहे का? नाही ना? मग निकाल कायम!"

"हा शुद्ध अन्याय आहे!" मॉड कडाडली, आणि विल्फ्रेडच्या हातात बशी कोंबून तिने तीत केकचा भलामोठा तुकडा आदळला. "खा मेल्या. आणि आता आलाच आहेस तर संध्याकाळच्या नाचाला थांब. खुर्चीत बसून राहिलास तर बघ."

तोंड केकने भरल्यामुळे विल्फ्रेडला नाही म्हणता आलं नाही. नाचताना त्याने तिचा पाय चारदा तुडवला. ती प्रत्येक वेळी ओरडली, पण त्याचा हात काही तिने सोडला नाही.