मोज्यातला दगड

स्टायनारला चांगुलपणा उघड करताच येत नाही, हीच त्याची खोड. भलं करायचं तरी चोरासारखं करणार! त्यापायी ओडवारचं जे झालं, ते आठवलं की अजून माझा जीव चडफडतो.

आमची ही डोंगर ओलांडून जायची स्कीची शर्यत. नियम जुना आहे: प्रत्येकाच्या पाठीवर निदान साडेतीन किलोची पिशवी हवी. शेवटी ती काट्यावर तोलतात. कमी भरली की शर्यत बाद, मग तुम्ही कितीही जोरात आलेले असा. आम्ही तिघे तरुणपणापासून बरोबर जातो, आणि दरवर्षी स्टायनार आपल्या लाल लोकरी मोज्यात दगड घालून तो गुपचूप ओडवारच्या पिशवीत सारतो. ओडवार ते जास्तीचं ओझं डोंगरावरून वाहून आणतो आणि मग आठवडाभर सगळं गाव त्याला हसतं.

यंदाची ओडवारची विसावी. विसावी पुरी करणाऱ्याला चांदीची थाळी मिळते. आणि हीच शेवटचीही, कारण त्याचे गुडघे पार कामातून गेलेत. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, यानंतर स्की माळ्यावर. त्याच्या बायकोनं, बोर्गनीनं, शेगडीवरची फळी पुसून रिकामी करून ठेवली होती.

"आधी थाळी येऊ दे गं," तो म्हणाला.

"न यायला काय झालं? एकोणीस वेळा आलास ना घरी?"

चढावर ओडवारची दमछाक झाली. मी त्याच्यासाठी थांबत थांबत चाललो होतो. स्टायनार केव्हाच पुढे गेला होता. माथ्यावर हातमोजे बदलायला ओडवारनं पिशवीत हात घातला आणि ओरडला, "सापडला! लेकाचा यंदाही चुकला नाही!"

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? गेला खड्ड्यात!" त्यानं तो लाल मोजा गरागरा फिरवून लांब बर्फात भिरकावला. हसून हसून माझं पोट दुखलं. उतारावर गडी असा सुटला की मलाच त्याला गाठता येईना.

स्टायनार रेषेपाशी घोंगडी घेऊन उभा होता.

"तुझा दगड डोंगरात!" ओडवार लांबूनच ओरडला. "शेवटी फसवलं की नाही तुला?"

स्टायनारचं तोंड उतरलं. "टाकलास? अरे गाढवा, तुझ्या पोरीनं दिलेलं नवं हलकं जाकीट भरलंस तू, जुनं जाड काढून. सकाळी तू स्कीला मेण लावत होतास ना, तेव्हा मी पिशवी तोलली. कमी होती रे."

काट्यापाशी बसलेल्या मुलीनं पिशवी दोनदा लावून पाहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "नाही भरत, काका."

ओडवार स्टायनारकडे वळला. "तोंडानं सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगणारच होतो," स्टायनार म्हणाला. "मग वाटलं, शेवटची आहे. मोजा सापडला की तुला बरं वाटेल."

ओडवारनं पिशवी काट्यावरून उचलून गाडीत टाकली आणि आम्ही घरी निघालो.

मे महिन्यात बर्फ वितळलं. स्टायनार दर रविवारी माथ्यावर जायचा, का ते आम्ही विचारलं नाही. एका संध्याकाळी तो ओडवारच्या स्वयंपाकघरात आला आणि विटलेला मोजा टेबलावर ठेवला. आत दगड तसाच होता.

ओडवारनं खुंटीवरची पिशवी काढली. शर्यतीनंतर त्यानं ती उघडलीच नव्हती. मासे तोलायच्या काट्याला ती अडकवली, मोजा आत टाकला आणि चष्मा लावून वाकून पाहिलं.

"भरली रे," तो म्हणाला.

स्टायनार तिथेच खुर्चीवर बसून ढसाढसा रडला. बोर्गनीनं काट्यावरची पिशवी काढली, आणि ती कुठे ठेवावी हे न सुचून तशीच हातात धरून उभी राहिली.