धाकट्याची आठवण

मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. मित्रांनो, माझा जन्म बिळात नव्हे, प्रयोगशाळेतल्या प्लास्टिकच्या डब्यात झाला. सर्वांत शेवटी जन्मला तो माझा धाकटा भाऊ. आम्ही एकमेकांच्या अंगावर पडूनच झोपत असू.

मोठे झालो तसे आम्हाला कामाला जुंपले. एका पेटीत दोन खोल्या होत्या, एक उजेडाची आणि एक अंधाराची. उंदराची जात, अंधार दिसला की शिरणारच. शिरलो की पायांखालच्या सळ्यांतून विजेचा झटका बसे आणि लगेच इंजेक्शन. मला मिळे अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे भीती वाटली की शरीर आपणच सोडते ते रसायन. त्याने आठवण पक्की होते. धाकट्याला मिळे उलटे औषध, आठवण मुरूच न देणारे.

दुसऱ्या दिवशी मी उजेडातच बसून राही. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात ना, तसा. संशोधक बाई म्हणत, "शहाणा आहे हा!" धाकटा मात्र रोज मिशा हलवत नव्या उत्साहाने आत जाई आणि रोज किंचाळे. मला फार वाईट वाटे.

पिंजरे धुणाऱ्या मामांनाही ते बघवेना. एकदा धाकट्याला झटका बसला तेव्हा बाई फोनवर होत्या. मामांनी त्याच्यासाठी माझे औषध उचलले. तो थरथरत होता, म्हणून आधी त्याला माझ्या कुशीत ठेवले. मी त्याचे कान चाटू लागलो.

"बास झालं रे बाळा, आता लक्षात ठेव," मामा म्हणाले आणि त्यांनी सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना एकदमच उजेडाच्या खोलीत सोडले. "बघा बाई, आज धाकटाही आत जायचा नाही!"

धाकट्याला माझा वास आला मात्र, तो किंचाळला. अंधाराच्या दाराशी तो क्षणभर थबकला, कारण झटकाही त्याच्या लक्षात होता. मग त्याने वळून माझ्याकडे पाहिले आणि आत उडी घेतली.

मामांनी सगळे कबूल केले. बाई रागावल्या नाहीत. "औषध निवड करत नाही, मामा. त्या वेळी जवळ जे असेल, ते सगळंच पक्कं करतं."

करायला गेले एक आणि झाले भलतेच! बाईंना मात्र नवा प्रयोग सापडला. आता त्या आम्हाला रोज एकत्र सोडतात.

मित्रांनो, घाबरलेल्याला जवळ घ्याल तेव्हा जपून घ्या. आणि बाई कुणाच्या ओळखीच्या असतील, तर धाकट्याचे जुने औषध मला द्यायला सांगा. ते ताज्या आठवणीवरच चालते म्हणतात. तरी विचारून बघा.