दुपारच्या सुट्टीतली दुरुस्ती

कान्हाच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं दवाखान्यात दाखवण्यातलं नव्हतं. लोधिवलीच्या समिधाचं कुणी नाव काढलं की ते सुरू व्हायचं, आणि कुणी तिचं कौतुक केलं की दोन दिवस त्याला जेवण गोड लागायचं नाही.

आता कान्हा म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. कर्जतला अण्णांची भातगिरणी आहे, तिथे तांदूळ निवडणारं एक मशीन आहे. वरून तांदूळ पडतो, आतला कॅमेरा दाणा न् दाणा बघतो आणि तांबडा, काळा दाणा दिसला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. अण्णांनी ते कोरियन मशीन जुनंच आणलेलं. त्याच्या आतला कॉम्प्युटर विंडोजवर चालत नव्हता की आणखी कशावर. त्या कंपनीने स्वतःपुरती वेगळीच ऑपरेटिंग सिस्टीम बनवली होती, आणि कंपनी बंद पडल्यावर ती जाणणारं इकडे कुणी उरलं नव्हतं. पडद्यावर सगळी कोरियन अक्षरं. दोन इंजिनियर आले, चहा पिऊन गेले. कान्हा मात्र आठवडाभर मशीनपुढे ठाण मांडून बसला आणि त्याने एकेका अक्षराला आपलं नाव दिलं. हे टोपीवालं, हा कोयता, ही शिडी. टोपीवाल्यावर बोट ठेवलं की निवड कडक होते, शिडीवर ठेवलं की ढिली. वाचता त्याला एक अक्षर येत नव्हतं, पण अकरा वर्षं त्या मशीनला हात लावणारा तो एकटा होता. कोंडाण्याहून त्याची मोटरसायकल गिरणीच्या फाटकात शिरली की अण्णा स्वतः उठून खुर्ची पुढे सरकवायचे. त्या खुर्चीवर कान्हाचा फार जीव.

यंदा पावसाळ्यात समिधा आली. आली म्हणजे एकदाच आली. मशीनला तिने डबीएवढं काहीतरी जोडलं आणि गेली. तेव्हापासून मशीनचा पडदा कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडायला लागला. कोरियन अक्षरांचा अर्थ तिने मोबाइलकडूनच मराठीत करून घेतला. रोज सकाळी दहाला, मांडीवर तान्हं पोर घेऊन, ही बाई लोधिवलीतल्या आपल्या घरातून कर्जतचं मशीन लावायची.

"कान्हा, तुझा हेलपाटा वाचला रे," अण्णा फोनवर म्हणाले. ते अगदी चांगल्या मनाने म्हणाले, हेच वाईट. हेलपाटा वाचला म्हणे! त्याने दिवसातून दहा हेलपाटे घातले असते.

ब्राउझरची लिंक आणि पासवर्ड अण्णांनी गिरणीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. कान्हा अजून त्या ग्रुपमध्ये होता. काढून टाकावं इतकीही कुणाला त्याची आठवण राहिली नव्हती.

आठ दिवस त्याने लिंककडे ढुंकून पाहिलं नाही. नवव्या दिवशी पाहिलं. बोट लावल्याबरोबर तळहातावर तो पडदा उघडला. टोपीवालं, कोयता, शिडी, सगळी जिथल्या तिथे. आणि त्यांच्यामधून एक बाण इकडे तिकडे फिरत होता. तो बाण समिधाचा. आपल्या स्वयंपाकघरात परकी बाई डबे उघडून बघतेय आणि आपण खिडकीबाहेर उभे, असं कान्हाला झालं. बाण शिडीवर गेला. एकदा दाबलं, दोनदा दाबलं.

"अगं, दिवा तापला नाय अजून!" कान्हा मोबाइलवर ओरडला.

"कुणाला वरडताय?" आतून त्याची बायको शकू म्हणाली.

"कुणाला नाय."

मशीनमधला दिवा तापायला तासभर लागतो. तोवर उजेड मंद असतो, चांगला दाणाही मळका दिसतो आणि मशीन भसाभस फेकत सुटतं. समिधाला वाटायचं निवड फार कडक झाली, म्हणून ती ढिली करायची. मग दिवा तापला की त्याच ढिलाईतून तांबडे दाणे खुशाल पार व्हायचे. कान्हा मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून बघायचा, पत्रा ऊन लागला की मगच बोट चालवायचा. ब्राउझरमधून सगळं दिसतं, पत्र्याची ऊब तेवढी येत नाही.

दीड ते दोन गिरणी जेवायला थांबते, मशीन मात्र चालूच असतं. कान्हाने दीडला पडदा उघडला, इकडे तिकडे बघितलं, आपल्याच ओसरीवर कोण बघणार होतं म्हणा, आणि टोपीवालं तीनदा दाबलं. हे समिधासाठी केलं असं कुणी म्हणू नये. अकरा वर्षं जपलेल्या तांदळात तांबडा दाणा जाताना त्याला बघवेना, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

आणि मग ग्रुपवर तांदळाचे फोटो यायला लागले. पांढरेशुभ्र ढीग, खाली अण्णांचं "शाब्बास समिधा!" खालापूरच्या दुसऱ्या एका गिरणीवाल्यानेही तिला बोलावणं धाडलं. कान्हाचा तिळपापड झाला. जिच्या नावाने तो बोटं मोडत होता, तिला मोठी करत होता तो स्वतः, रोज अर्धा तास, स्वतःचं जेवण थांबवून.

"मग नका करू," शकू म्हणाली. तिला एव्हाना सगळं ठाऊक झालं होतं.

"नायच करणार."

तेव्हा नवं भात गिरणीत आलं होतं. नव्या भातात तांबडा दाणा फार. कान्हाने मोबाइल फळीवर ठेवला आणि दीडच्या ठोक्याला जेवायला बसला. पहिल्या दिवशी घास उतरेना. दुसऱ्या दिवशी त्याने शकूवर विनाकारण आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला बरं वाटलं. आता कळेल त्यांना. आता अण्णांचा फोन येईल.

चौथ्या दिवशी दारात स्कूटी थांबली.

"कान्हादादा हायत का?"

समिधा होती. कान्हाने तिला पाहिलं होतं ते ग्रुपवरच्या फोटोत, समोर पहिल्यांदाच पाहत होता. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं आणि खांद्यावर पोराच्या दुधाचा डाग.

"बरं नाय का तुमाला?" ती म्हणाली. "चार दिस झाले, दीडला येत नाय तुमी."

कान्हाची नजर फळीवरच्या मोबाइलकडे गेली. "कुठं येत नाय?"

"दादा, आत कोण शिरतं ते माज्याकडं लिहून येतं. मोबाइलच्या नावासकट. 'कान्हा कोंडाणे' असं येतं रोज."

हे नाव मोबाइलला त्याच्या पोरीने हौसेने घालून दिलं होतं. कान्हाला वाटलं होतं, ते आपल्यालाच दिसतं.

"कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"पयल्या दिसापासनं."

"मंग बोलली नायस?"

"बोलले असते तर तुमी यायचं बंद केलं असतं." ती ओसरीवर टेकली. "आता अण्णा विचारतात, तांदूळ तांबडा का जातो. मी काय सांगू? उद्या जाऊन सांगते, एवढे दिस जो हात होता तो माजा नव्हताच, कान्हादादांचा होता. दुसऱ्याच्या कामाचं कौतुक नाय पचत मला."

पाच महिने कान्हा या एका वाक्यासाठी तडफडला होता. त्याला ती खुर्चीसुद्धा दिसली, अण्णा ती पुढे सरकवताना. पण खुर्चीवर बसल्यावर अण्णा पहिलं काय विचारणार, तेही त्याला ऐकू आलं. तू आत शिरलास कसा? कुणी सांगितलं होतं तुला? अकरा वर्षांत त्याने त्या गिरणीतून मूठभर तांदूळ न विचारता उचलला नव्हता. आणि आता ऐन जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांची पाठ फिरल्यावर, दुसऱ्याच्या कामात हात घालणारा असं त्याचं नाव कर्जतभर होणार होतं.

"नको सांगूस," तो म्हणाला.

"अवो, पन..."

"नको म्हणलं ना! त्यांला कायच सांगायचं नाय."

हवं होतं ते दारात चालून आलं होतं आणि त्याने स्वतःच्या तोंडाने ते परत पाठवलं. वर अण्णांचा फोन काही आला नव्हताच. कान्हाची चार दिवस वाट बघणारी एकटी हीच निघाली, जिचं तोंडही त्याला बघायचं नव्हतं. तिचा राग करणंसुद्धा आता कठीण होऊन बसलं, याचा त्याला जास्त राग आला.

"मंग मला शिकवा तरी," समिधा म्हणाली. "दीडला तुमी नेमकं काय बगता?"

एका वाक्यात सांगता आलं असतं. ऊन पत्र्याचं गुपित ते केवढं! समिधा वाट बघत होती. शकू दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती.

"ते सांगून येत नाय," कान्हा म्हणाला. "तू तुजं सकाळचं कर. दीडला मी येतो."

दुसऱ्या दिवशी दीडला त्याने टोपीवालं चारदा दाबलं. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आला, पांढऱ्याशुभ्र तांदळाचा, खाली "समिधा, पुन्हा कमाल केलीस!" सगळ्यांच्या आधी अंगठा दिला तो कान्हाने. त्याच्या आधी दुसऱ्या कुणी दिला असता, तर तेही त्याला सहन झालं नसतं.