लॉरीन स्टिडमचा निकाल

"लॉरीन, पाणी देऊ?" मी विचारलं.

"गप्प बस," ती म्हणाली.

बेसबॉलचा शेवटचा, नववा डाव, दोन बाद, आणखी एक बाद की सामना संपला. आमच्याकडून चेंडू टाकणाऱ्या वेस्ली ओडमनं समोरच्या पोरांना अजून एकही हिट दिली नव्हती, म्हणजे स्वतःच्या फटक्यावर कोणी बेस गाठलाच नव्हता. अशा वेळी त्या गोष्टीचं नाव काढायचं नसतं, नजर लागते. मी मैदानाचा निवेदक, तोंडाळ माणूस, पण पाचव्या डावापासून जीभ आवरून बसलो होतो.

मग वेस्लीचा चेंडू बॅटला जेमतेम लागला आणि उड्या मारत तिसऱ्या बेसकडे निघाला. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला आमचा शॉर्टस्टॉप जीव खाऊन धावला, हातमोजा सोडून उघड्या हातानं उचलायला गेला, आणि चेंडू बोटांतून निसटला. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला.

सगळ्या माना आमच्या खोलीकडे वळल्या. ही फलंदाजाची हिट, की आमच्या पोराची चूक? चूक धरली तर वेस्लीचा पराक्रम शाबूत, हिट धरली तर संपला. आणि ठरवणार होती एकटी लॉरीन, आमची अधिकृत गुणलेखक.

सकाळी पोस्टाच्या खिडकीत आणि उन्हाळ्यात इथं, प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या या लाकडी खोलीत, अशी तिची एकतीस वर्षं गेली. पूर्वी तिचा गुणतक्ता रोज मोठ्या लीगच्या मुख्य कचेरीत जायचा. कुठलं पोरगं वरच्या लीगमध्ये जाणार आणि कुठलं घरी, त्यात तिच्या पेन्सिलीचाही वाटा असायचा. मग तीन वर्षांपूर्वी वरच्यांनी फेररचना का काय ती केली आणि देशभरातले चाळीसेक छोटे संघ एका फटक्यात उडवले. आमचा म्यूल्स संघही त्यातच गेला. म्हणे आमचे दिवे मंद आणि खेळाडूंची खोली लहान. आता त्याच नावानं सुट्टीतली कॉलेजची पोरं खेळतात. पोरं गुणी आहेत. पण लोक कशालाही टाळ्या वाजवायला लागले. झेल सुटला तरी टाळ्या, आजाऱ्यानं दोन घास खाल्ले की वाजवतात तशा. त्या टाळ्यांनी लॉरीनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचा तक्ता आता कोणी मागत नव्हतं. तरी ती तो पूर्ण भरून खाली सही करायची.

दार ढकलून कोल्बी आत आला. हा आमचा नवा व्यवस्थापक, वय वर्षं सव्वीस.

"मॅडम, चूक द्या! पेपरात फोटो येईल, पुढच्या रविवारी गर्दी होईल. आणि आता तपासतंय कोण?"

"सही माझी असते ना खाली? मग मीच तपासते," लॉरीन म्हणाली. "त्यानं चेंडू नीट उचलला असता तरी पळणारा पोचलाच असता. हात लागला म्हणजे चूक होत नाही, बाळा."

खोटं कशाला बोलू, मलाही चूकच हवी होती. "सव्वीस वर्षं तुझ्या शेजारी बसतोय, लॉरीन, कधी काही मागितलं नाही."

"मग आजही मागू नकोस. सांग त्यांना. हिट."

मी सांगितलं.

आणि जी हुर्यो उडाली! पोरंटोरं, म्हातारेकोतारे, सगळे उठून ओरडायला लागले. एक कागदी पेला आमच्या काचेवर येऊन आपटला. दुसऱ्या रांगेत ह्यूबर्ट कूगल बाकावर चढला. हा खाणीतला निवृत्त फिटर, लॉरीनशी भांडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

"डोळे तपासून घे, लॉरीन! पोस्टात पण असेच पत्ते वाचतेस काय?"

लॉरीनचे कान लाल झाले होते. ताठ बसून तिनं पेन्सिलीनं नोंद केली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"वाईट? अरे, ऐक तरी! तीन वर्षांत कोणी असं बोंबललंय का इथं?"

खरंच नव्हतं बोंबललं. खेळ खरा असल्याशिवाय माणूस घसा फोडून घेत नाही. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की पुढच्या फलंदाजाचं नाव मी चुकीचं पुकारलं. तो बाद झाला आणि सामना आम्ही जिंकला.

जिन्याखाली चाळीसेक माणसं वाट अडवून उभी होती. "मागच्या दारानं जाऊ," मी म्हणालो.

"तू जा," म्हणत ती पुढच्याच जिन्यानं उतरली.

"कशी काय ती हिट?" ह्यूबर्ट गुरकावला.

लॉरीननं आपली पर्स खडीवर ठेवली. "हा पहिला बेस. कोल्बी, तू त्या टोकापासून इथवर पळ. ह्यूबर्ट, तू शॉर्टस्टॉप. चेंडू आहे का कुणाकडे?"

गर्दीतून वेस्ली ओडम पुढे आला. सामन्याचा चेंडू त्याच्याच हातात होता. त्यानं तो तिला दिला.

तिनं चेंडू टाकला. ह्यूबर्ट सत्तरीचे गुडघे घेऊन धावला, वाकला, चेंडू उचलून वळला. कोल्बी पर्स ओलांडून पुढे गेला होता.

ह्यूबर्टनं चेंडू लॉरीनपुढे धरला.

"परत टाक," तो म्हणाला. "मी उशिरा निघालो."

लॉरीननं चेंडू पुन्हा हातात घेतला. लोकांनी मागे सरून जागा केली. गाडीकडे कोणीच निघालं नव्हतं.