दिवाघरातला विरोध

आडवेकाकांना गावात कोणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारल्याचं कोणाला आठवत नाही. पालिकेच्या सभेत कुठलाही ठराव आला की ते आडवे जायचे, म्हणून आडवेकाका. पूर्वी ते खाणीत पाळणा चालवायचे. माणसं खाली सोडायची आणि वर काढायची, एवढंच काम. पण अख्ख्या पाळीचा जीव त्यांच्या मुठीत. खाण बंद पडली, पाळणा गंजला, काका मात्र होते तसेच राहिले. खात्री पटल्याशिवाय काही खाली सोडायचं नाही, मग तो पाळणा असो नाहीतर ठराव.

आज मात्र पालिकाच पणाला लागली होती. राजधानीतून तपासनीस बाई आल्या होत्या. या गावाची पालिका ठेवायची, की मोडून शेजारच्या मोठ्या शहराला जोडून टाकायची, हे त्या आजच्या सभेत ठरवणार होत्या.

बाहेरच्या माणसाला हे नुसतं कागदोपत्री काम वाटेल. या गावाला ते झोंबलं, आणि का झोंबू नये? एके काळी इथलं सगळं कंपनीचं होतं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, नळ कंपनीचा. कोणाच्या खिडकीला कुठला रंग द्यायचा तेही कंपनीच सांगायची. कोळसा संपला तशी कंपनी चालती झाली, आणि जाताना रस्त्यावरचे दिवेसुद्धा उतरवून घेऊन गेली. मागे राहिलेली माणसं मग खाणीच्या दिवाघरात जमली. पाळीवर जाताना जिथून प्रत्येकाने आपला दिवा उचलायचा, ती ही लांबट खोली. तिथे भांडून, हमरीतुमरीवर येऊन त्यांनी स्वतःची पालिका उभी केली. सही करताना ज्यांना घाम फुटायचा त्यांनी गावाचा गाडा हाकला, आणि झकास हाकला. रस्त्यावर पुन्हा दिवे लागले. पाण्याने भरलेल्या खाणीवर पंप बसवून त्यांनी तेच पाणी गाळून घरोघरी आणलं. ज्या खाणीने त्यांच्या बापजाद्यांचा घाम काढला, तिलाच त्यांनी पाणी भरायला लावलं!

सभा अजून दिवाघरातच भरते. भिंतीवरचे हूक तसेच आहेत. आता त्यांना सदस्यांच्या पिशव्या आणि छत्र्या लटकतात, फक्त एका हुकाला खाणीतला जुना दिवा.

मध्यभागी अध्यक्षा बसल्या होत्या. अध्यक्षा म्हणजे काकांची सून. घरी ती त्यांना बाबा म्हणायची, सभेत ‘सन्माननीय सदस्य’. आणि यातल्या कुठल्या हाकेला जास्त घाबरायचं ते काकांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या शेजारी तपासनीस बाई इतिवृत्तांच्या वह्या उघडून बसल्या होत्या.

“अध्यक्षबाई,” त्या म्हणाल्या, “मी सकाळपासून हे वाचतेय. प्रत्येक ठरावापुढे नुसतं ‘मंजूर’. एकाही पानावर विरोध नाही. आणि बहुतेक कामांचा प्रमुख एकच माणूस. शाळेचं छप्पर, तुमचे सासरे. पाणी योजना, तुमचे सासरे. बाजाराचा ओटा, तेच. याला बाहेर काय म्हणतात, माहितीये ना तुम्हाला?”

खोलीत कुजबुज झाली. बेकरीवाल्या मावशी, याही सदस्यच, खो खो हसत सुटल्या. “अहो मॅडम, त्यांनी विरोध केला म्हणून तर काम त्यांच्या गळ्यात पडलं!”

“म्हणजे?”

मग अध्यक्षांनी समजावून सांगितलं. खाणीत नवा बोगदा खोदला की आत शिरण्याआधी सगळ्यांनी वाद घालायचा. कोणीतरी ‘नको’ म्हटलंच पाहिजे. ज्या बोगद्याला कोणीच नको म्हणालं नाही, त्यात कोणी उतरायचं नाही. आणि एकदा उतरायचं ठरलं, की नको म्हणणाऱ्याच्याच हाती दिवा द्यायचा आणि त्याने पुढे चालायचं. कारण धोका ज्याला दिसला, त्याचीच नजर जागी असणार. पालिकेतही तीच रीत चालू राहिली. विरोध कोणी केला ते पाहायचं, ठराव झाला की काम त्याच्यावर सोपवायचं, आणि निर्णय बाहेर थांबलेल्या लोकांना त्यानेच दिवा घेऊन सांगायचा. बोलेल तो करेल काय, असं जग म्हणतं. इथे बोलेल त्यालाच करावं लागतं.

“मग हे वहीत का नाही?”

सगळ्यांना हा प्रश्नच विचित्र वाटला. वहीत कशाला लिहायचं? प्रमुखाचं नाव लिहिलंय म्हणजे विरोध त्याचाच, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ते वेगळं लिहावं लागतं, हे इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तपासनीस बाईंनी वही मिटली. त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्याचंच काकांना जास्त वाईट वाटलं. “ऐकायला छान वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण मोडायच्या यादीतल्या प्रत्येक पालिकेकडे अशी एखादी छान गोष्ट असते. आज तुम्ही स्वतंत्र राहण्याचा ठराव घेणार आहात ना? घ्या. मी बघते.”

अध्यक्षांनी ठराव वाचला. ही पालिका स्वतंत्र राहावी आणि गावाने आपला कारभार आपणच करावा. “कोणाचा विरोध?”

कोणीही हललं नाही. विरोध करणार कोण? बाहेर पायऱ्यांवर अर्धं गाव जमलं होतं, त्यातलाही कोणी केला नसता. मावशी पदराशी चाळा करत बसल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, “आजच्या दिवस राहू दे ना ती रीत.”

काकांनी काठीवर हनुवटी टेकवली होती. त्यांना तरी कुठे विरोध करायचा होता? या पालिकेवर त्यांचा जीव होता. पण आज कोणी ‘नको’ म्हणालं नाही, तर तपासनीस बाईंचंच खरं ठरणार होतं. नाटकी दोन शब्द बोलावेत, तर समोरची बाई काही दुधखुळी नव्हती. बोलायचं तर खरंच बोलायला हवं होतं. आणि खरं काय ते काकांना रोज डोळ्यांसमोर दिसत होतं, फक्त त्याबद्दल ते घरातसुद्धा चकार शब्द काढत नसत.

ते उठले. “माझा विरोध आहे.”

“बोला, सन्माननीय सदस्य.”

“पंप म्हातारा झालाय. मी रोज कान लावून ऐकतो, कधी धाप लागून बसेल सांगता येत नाही. दवाखान्यात डॉक्टर आहे, पण औषध शहरातून आणावं लागतं. शाळेचं छप्पर मी घातलं, चांगलं घातलं, पण त्याखाली बसायला पोरं कुठायत?” काकांनी सुनेकडे पाहायचं टाळलं.  “माझाच मुलगा गेला. अध्यक्षबाईंचा नवरा. शहरात नोकरी करतो, आणि महिन्याकाठी घरी येतो तो पाहुण्यासारखा. बायको इथे, तो तिथे. ज्या गावाला आपलं पोरगं धरून ठेवता येत नाही, त्यानं पालिका धरून काय करायचं? अभिमानाने नळाला पाणी येत नाही!”

 सुनेचा चेहरा उतरला. घरातलं दुखणं आपण चारचौघांत उघडं केलं, आणि तेही तिच्या तोंडावर, हे काकांना कळत होतं. त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तरी ते उभेच राहिले.

अध्यक्षा उठल्या. 

“सन्माननीय सदस्यांचं सगळं खरं आहे. मी तर त्याच शहरातून आलेय. तिथे आमच्या गल्लीतला दिवा गेला, तर कोणाला सांगायचं हे माझ्या वडिलांना मरेपर्यंत कळलं नाही. कचेरीतल्या या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरत राहायचे, प्रत्येक जण म्हणायचा, आमच्याकडे नाही. इथे दिवा गेला की लोक सरळ तुमच्या दारात येतात, तुम्ही जेवायला बसलेले असलात तरी. तुम्ही त्यांच्यावर खेकसता आणि हात धुऊन शिडी काढता. माझा नवरा म्हणाला होता, चल शहरात. मी नाही म्हटलं. मला या गावानं धरून ठेवलंय. तुमचं पोरगं गेलं, मान्य. पण मी आलेय ना? माझी मोजदाद का नाही?”

 काकांचे डोळे भरून आले होते आणि लपवायला रुमालही सापडत नव्हता. मत घेतलं गेलं. सगळे हात वर गेले, एक सोडून.

काका खाली बसताच तपासनीस बाई त्यांच्याकडे वळल्या. “काका, तुम्हाला गाव खरंच शहराला जोडून हवं होतं?”

“मला? मेलो तरी नको.”

“मग ते बोललात ते?”

“ते खरं होतं. अक्षरन्‌अक्षर.”

बाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, “मी अनेक पालिका बघितल्यात. जे हवंय त्याच्याविरुद्ध इतकं खरं बोलणारा सदस्य कुठे बघितला नाही. ही पालिका राहावी अशीच शिफारस करते मी, आणि माझी शिफारस सहसा फिरत नाही. पण यापुढे विरोध वहीत लिहायचा. सगळा.”

“अहो, मग वह्या पुरायच्या नाहीत!” मावशी ओरडल्या, आणि दिवाघर हशाने दुमदुमलं.

त्या गोंधळात सून दिवा घेऊन काकांजवळ आली. “बाबा,” ती म्हणाली. सभेत तिने त्यांना पहिल्यांदाच अशी हाक मारली. “पंप, औषधं, शाळा, पोरांना नोकऱ्या. सगळं तुमच्याच तोंडून आलंय. आता तुमच्याच गळ्यात.”

“हात दाखवून अवलक्षण,” काका पुटपुटले. “जरा कमी बोललो असतो तर चाललं असतं.”

“नसतं चाललं,” ती म्हणाली.

काका दिवा घेऊन दाराबाहेर आले. पायऱ्यांवरची माणसं ताडकन उठली. दिवा काकांच्या हातात बघून काहींची तोंडं पडली. आज, आजच्या दिवशीही, हा म्हातारा आडवा गेला?

“पालिका आपलीच राहणार!” काका ओरडले. टाळ्या, शिट्ट्या, कोणी कोणाला मिठ्या मारतंय. तेवढ्यात मागून एकाने विचारलंच, “काका, आणि तुम्ही विरोधात होतात?”

“होतो की! जीव तोडून होतो!” काकांचा आवाज फाटला, पण त्यांनी मान अशी ताठ केली की खाणीत असतानाही कोणी त्यांना तसं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. “आणि हरलो! माझ्या सुनेनं हरवलं मला!”