मैनाची तोंडी परीक्षा

धायरीतल्या एका शाळेत नववीला त्या वर्षी पूरक वाचनासाठी एक छोटी कादंबरी होती. दहावीतला एक मुलगा वर्गात कुणाशी बोलत नाही, मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसतो, एवढीच काय ती गोष्ट. पुस्तक चांगलं होतं. पण चांगलं पुस्तक अभ्यासाला लागलं की मुलं ते वाचायचं सोडतात आणि त्यावरची उत्तरं तेवढी वाचतात, हा अनुभव तुम्हांआम्हांला नवा नाही.

जयसिंग बेनकर सर मराठी शिकवत. सरळ, कष्टाळू माणूस. त्यांनी नायकाचं स्वभावचित्र पाच मुद्द्यांत बसवून वर्गाला उतरवून दिलं. अबोल, एकलकोंडा, न्यूनगंडाने ग्रासलेला, वगैरे. पाचवा मुद्दा लाल शाईने अधोरेखित करायला सांगितला : ‘अशा मुलांना समजून घेऊन बोलते करणे, हे समाजाचे कर्तव्य आहे.’ चोपन्न वह्यांत लाल रेघ उमटली.

तोंडी परीक्षा वीस गुणांची होती. दोन तासिकांत चोपन्न मुलं उरकायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट. हजेरी क्रमांकाप्रमाणे एकेक जण उठत होता आणि पाचही मुद्दे घडाघडा म्हणून खाली बसत होता. एकतिसावा क्रमांक मैनाचा. ती उभी राहिली. ओठ हलले, पण शब्द आला नाही.

“चल, आटप,” सर घड्याळाकडे बघत म्हणाले. “जीभ घरी विसरून आलीस काय?”

वर्ग फिदीफिदी हसला. नुकतंच ‘समाजाचे कर्तव्य’ सांगून खाली बसलेला तिसावा क्रमांकही हसला. सरांनी शून्य मांडलं आणि पुकारलं, “बत्तीस!” संध्याकाळी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : ‘विद्यार्थिनी प्रतिसाद देत नाही.’ लिहिताना त्यांना काही वाटलं नाही. असे शेरे ते दरवर्षी पाच-सहा लिहीत.

सोमवारी मैनाची आई सोजरबाई शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज घेऊन शाळेत हजर झाली. मैना मागे उभी होती.

“सर, एवढी सही करा,” सोजरबाई म्हणाली. “तुमीच लिवलंय, पोरगी बोलत न्हाय. घरात तर सगळे कवाचे म्हनत्यात, हिला शाळंत घालून उपेग काय? म्हशींचं बघंल, घर बघंल. तिच्या मामानं स्थळ बी हेरून ठिवलंय.”

मैनाला चौदावं सरून जेमतेम दोन महिने झाले होते. सरांना हे ऐकून बरं वाटलं नाही, पण पालकांपुढे आपलं काय चालणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दाखल्याआधी पुस्तक बाकी नसल्याची ग्रंथालयाची सही लागते. काम लवकर व्हावं म्हणून ते स्वतःच दोघींना घेऊन तिकडे गेले.

ग्रंथपाल नूरबानू मॅडम एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या. बुधवार पेठेतल्या दुकानांतून एकेक पुस्तक पारखून त्यांनी ते ग्रंथालय उभं केलं होतं. पुस्तक परत करताना प्रत्येकाने एका वहीत काय वाटलं ते ओळभर लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी अर्ज वाचला, शेरा ऐकला आणि चष्मा काढला.

“बेनकर सर, ही कादंबरी आपण किती वेळा वाचलीत?”

“एकदा. म्हणजे... मुद्दे काढण्यापुरती.”

“हिने चारदा नेली. बाकी त्रेपन्न जणांपैकी एकानेही इकडे पाऊल ठेवलेलं नाही. आणि शून्य हिला! छान.”

त्यांनी वही पुढे केली. मैनाच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘त्याला सगळे विचारतात, बोलत का नाहीस. आणि त्याचं उत्तर यायच्या आत निघून जातात.’

“पण मॅडम, तोंडी म्हणजे तोंडी,” सर म्हणाले. “गप्प बसण्याला गुण कसे देऊ?”

“मुळीच देऊ नका. तिला दया नकोच आहे. फक्त थांबा. अहो, पुस्तकातल्या मुलाचा आपल्याला केवढा कळवळा! कारण तो आपली तासिका खात नाही. ही जिवंत मुलगी समोर उभी राहिली, तर दीड मिनिटं जड झाली आपल्याला!”

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपला विनोद आणि त्यावरचं ते हसू त्यांना आता ऐकू आलं. लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. ते खुर्ची ओढून बसले.

“मैना, बस. मला घाई नाही. त्या मुलाबद्दल सांग.”

मैना बसली. मैदानावर कवायतीची शिट्टी वाजली. “आगं, सांग की—” सोजरबाई म्हणाली, तशी मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. सरांच्या तोंडावर दोनदा शब्द आला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो गिळला. आयुष्यात इतका वेळ ते कुठल्या विद्यार्थ्यापुढे कधी गप्प बसले नव्हते.

“सर, तुमचं उत्तर मला पाठ आहे,” मैना अखेर म्हणाली. “पण ते खोटं आहे.”

“खोटं?”

पुन्हा मिनिटभर शांतता. मग ती हळूहळू म्हणाली, “तो एकलकोंडा नाही. तो रोज दोघांना पुरेल एवढा डबा आणतो.”

ते वाक्य पुस्तकात होतं. सरांनी ते वाचलंही होतं, पण पाच मुद्द्यांपैकी कशातच बसेना म्हणून सोडून दिलं होतं.

सोजरबाई लेकीकडे बघतच राहिली. मग तिने टेबलावरचा अर्ज उचलून पिशवीत घातला. “सही नगं सर. मामाचं मी बघते,” ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

सरांनी शून्य खोडून चौदा लिहिले.

“सहा कुठे गेले?” मॅडमनी विचारलं.

“कादंबरीचा शेवट तिने सांगितला नाही अजून. उद्या सांगेल. मी थांबेन.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला वहीतला ‘एकलकोंडा’ खोडायला लावला. का, ते सांगताना आपली चूकही सांगितली. कुणी हसलं नाही.

मंडळी, असा एखादा मैनासारखा माणूस तुमच्या घरात असेल, कचेरीत शेजारच्या टेबलावर असेल. ‘बोल की, बोलत का नाहीस?’ असं आपण त्याला शंभरदा विचारतो आणि दर वेळी उत्तराआधी पाठ फिरवतो. मग तोच घुमा, तोच माणूसघाणा! गप्प माणसाला बोलतं करायचं असेल, तर आधी आपल्याला गप्प बसता आलं पाहिजे.